प्लेटलेटची ओढ, फायब्रिनचे जाळे

जखम झाली की काही सेकंदांत प्लेटलेट तिथे गोळा होतात. पण नुसता प्लेटलेटचा ढीग रक्ताच्या झोतापुढे फार वेळ तग धरत नाही, आणि नुसते फायब्रिन या धागेदार प्रथिनाचे जाळे सैल, पाणथळ राहते. गुठळी पक्की होते ती दोघांच्या कामामुळे. रिपोर्टमध्ये सगळे फक्त प्लेटलेटचा आकडा पाहतात. तो महत्त्वाचा आहेच, पण अपुरा आहे.

निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. रक्तवाहिनीचे अस्तर फाटले की खालचे कोलॅजन उघडे पडते. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हे लांबलचक प्रथिन त्याला चिकटते आणि वेगाने वाहणाऱ्या प्लेटलेटना पकडते. पकडलेली प्लेटलेट तबकडीचा आकार सोडून काटेरी होते आणि एडीपी व थ्रॉम्बॉक्सेन ही संदेश देणारी रसायने सोडून शेजारणींना चेतवते. तिच्या पृष्ठभागावर जीपी २बी/३ए नावाचे हजारो ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे ठरावीक रेणू पकडणारी प्रथिने, असतात. एरवी ते जणू मिटलेले असतात. आता ते उघडतात आणि प्लाझ्मातल्या, म्हणजे रक्ताच्या द्रव भागातल्या, फायब्रिनोजेनला (फायब्रिनच्या कच्च्या रूपाला) धरतात. हा रेणू जेमतेम ४५ नॅनोमीटर लांबीचा, पण दोन्ही टोकांनी धरता येणारा. त्यामुळे दोन प्लेटलेटमध्ये त्याचा पूल होतो.

चेतलेल्या प्लेटलेटच्या बाह्य आवरणावर फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद येतो आणि त्याच पृष्ठभागावर थ्रॉम्बिन हे विकर (एन्झाइम) झपाट्याने तयार होते. थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनच्या मधल्या भागातले छोटे तुकडे कापते. मोकळ्या झालेल्या जागा शेजारच्या रेणूंच्या टोकांत बसतात आणि फायब्रिनचे धागे विणले जातात. थ्रॉम्बिन भरपूर असेल तर धागे बारीक आणि वीण दाट होते. हिमोफिलिया या रक्तस्रावाच्या आनुवंशिक आजारात थ्रॉम्बिन कमी पडते, म्हणून धागे जाड, वीण विरळ आणि गुठळी ठिसूळ. प्लेटलेटचा आकडा मात्र तिथेही नॉर्मलच!

जाळे विणले की प्लेटलेट ते ओढू लागतात. स्नायूंत असतात तीच ॲक्टिन आणि मायोसिन ही प्रथिने त्यांच्यात असतात. जीपी २बी/३ए आतून या यंत्रणेला आणि बाहेरून फायब्रिनला जोडलेले असते, त्यामुळे आतली ओढ थेट धाग्यांवर येते. गुठळी आकसते, सीरम (गोठल्यावर उरलेला द्रव) बाहेर पडते आणि आत अडकलेल्या लाल पेशी दाबल्या जाऊन बहुकोनी होतात. साध्या काचेच्या नळीत ३७ अंश सेल्सिअसला ठेवलेले रक्त गोठून एक-दोन तासांत नळीच्या भिंतीपासून सुटते, ते याच ओढीने.

ग्लान्झमान थ्रोम्बास्थेनिया या आनुवंशिक आजारात हेच ग्राहक नसतात किंवा निकामी असतात. प्लेटलेट भरपूर, पण त्या एकमेकींना धरत नाहीत आणि नळीतली गुठळी आकसत नाही. स्विस बालरोगतज्ज्ञ ग्लान्झमान यांनी १९१८ मध्ये या आजाराचे वर्णन केले, ते आकसण्यातला हा दोष पाहूनच.

शेवटचे काम फॅक्टर १३ या रक्तातल्या प्रथिनाचे. तो फायब्रिनच्या धाग्यांना रासायनिक बंधांनी सांधतो आणि गुठळी विरघळवणाऱ्या प्लाझ्मिनला आवरणारे प्रथिनही धाग्यांवर जडवतो. तो नसेल तर गुठळी वेळेवर होते, पण टिकत नाही. नवजात बाळाच्या नाळेच्या जागेतून रक्त येत राहते, किंवा शस्त्रक्रियेनंतर थांबलेला रक्तस्राव तासांनी, दिवसांनी पुन्हा सुरू होतो. अशा वेळी पीटी, एपीटीटी या रक्त गोठण्याच्या चाचण्या आणि प्लेटलेटचा आकडा, सगळे नॉर्मल येते, कारण पीटी आणि एपीटीटी गुठळी व्हायला लागणारा वेळ मोजतात, तिचा टिकाऊपणा नव्हे. ५ मोलर युरियात गुठळी विरघळते का, ही जुनी चाचणी फक्त तीव्र कमतरता दाखवते. म्हणून शंका असेल तर फॅक्टर १३ ची पातळी स्वतंत्रपणे मोजून घ्यावी लागते.