होनिंग की रिबोअर? राजदूत 350 चा सिलिंडर उघडल्यावर

एस्कॉर्ट्सने 1983 मध्ये यामाहा आरडी 350 वरून भारतात आणलेली राजदूत 350 मोटारसायकल हौसेने पुन्हा उभी करायला घेतली, की हेड (सिलिंडरचे झाकण) उघडताच बोअरवर, म्हणजे पिस्टन ज्यात खाली-वर होतो त्या पोकळीच्या भिंतीवर, बहुधा उभे ओरखडे दिसतात, आणि मग ‘होनिंग मारून घ्या’ आणि ‘बोअर करून घ्या’ (म्हणजे रिबोअर) हे दोन सल्ले एकच असल्यासारखे कानावर पडतात. गोंधळाचे कारणही साधे आहे: रिबोअरचे काम शेवटी होनिंगनेच पुरे होते.

नुसत्या होनिंगमध्ये घासदगड लावलेले टूल बोअरमध्ये फिरवत खाली-वर नेतात. त्यामुळे गुळगुळीत झालेल्या पृष्ठभागावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा उमटतात, त्यांत ऑइल धरून राहते आणि पिस्टनभोवतीच्या नव्या रिंगा लवकर बसतात. मात्र हाती ड्रिल मशीनवर चालणारे टूल बोअरचा आहे तोच आकार धरून फिरत असल्याने, अंडाकृती झालेला बोअर त्याने गोल होत नाही. रिबोअरमध्ये बोअर मशीनवर मोठा आणि नव्याने गोल कापतात व त्यात ओव्हरसाइझ पिस्टन घालतात. या गाडीचा मूळ बोअर 64 मिमीचा. पुढचे पिस्टन 0.25 मिमीच्या टप्प्यांनी 1 मिमीपर्यंत. म्हणजे सिलिंडरला एकूण चारच संधी आहेत, आणि इंजिन जोड सिलिंडरचे असल्याने दोन्हीकडे एकच माप ठेवावे लागते.

म्हणूनच ओरखडा दिसला म्हणून थेट रिबोअर करणे मला उधळपट्टी वाटते. पिस्टनचे ॲल्युमिनियम नुसते बोअरवर चिकटले असेल, तर ते काढून होनिंग पुरते. निर्णय बोअर गेजने (आतला व्यास मोजण्याच्या उपकरणाने) करावा: वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनात माप घ्यावे, आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मापांत 0.05 मिमीहून अधिक फरक निघाला तर रिबोअरला पर्याय नाही.

सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत येथे आणखी एक खबरदारी हवी. उन्हात राहिलेला पिस्टन सावलीतल्या सिलिंडरपेक्षा 20 अंशांनी गरम असेल, तर तो सुमारे 0.025 मिमी फुगलेला असतो, आणि पिस्टन व बोअर यांच्यात ठेवायची फटच मुळी 0.04 मिमीच्या आसपास असते. तेव्हा दोन्ही वस्तू रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळी मापाव्यात. रिबोअर करायचाच असेल, तर पिस्टन आधी विकत घ्यावेत आणि तेच लेथवाल्याच्या हाती द्यावेत. पिस्टनवर छापलेल्या आकड्यावर विसंबून बोअर कापू नये.

राजदूतसारख्या टू-स्ट्रोक इंजिनच्या बोअरमध्ये पोर्टांची, म्हणजे वायू आत-बाहेर जाण्याच्या मार्गांची, तोंडे असतात. रिबोअरनंतर त्यांच्या कडा धारदार राहतात आणि त्यांत रिंग अडकून तुटू शकते, म्हणून त्या कडा हलक्या हाताने घासून बोथट करून घेतल्या आहेत का, हे बोट फिरवून पाहावे. दोन्ही कामांनंतर सिलिंडर नुसत्या पेट्रोलने न धुता गरम साबणाच्या पाण्याने धुवावा, पांढरी सुती चिंधी आत फिरवून ती काळी होणे थांबेपर्यंत धूत राहावे, आणि लगेच ऑइल लावावे. रनिंगमध्ये, म्हणजे नवे भाग एकमेकांशी जुळेपर्यंतच्या सुरुवातीच्या काळात, नव्या पिस्टनला अधिक जपावे लागते: सुरुवातीला अक्कलकोटच्या सपाट रस्त्यावर थांबत थांबत चालवावी, तुळजापूरचा घाट नंतर.