सार्वजनिक जमिनींचे आराखडे आणि अमेरिकी काँग्रेसचा नकाराधिकार

अमेरिकेची सार्वजनिक जमीन सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या संघीय संस्थेकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे. तिचा मोठा भाग पश्चिमेकडील राज्यांत आणि अलास्कात आहे. या जमिनीवर खाणकाम, तेल-वायू उत्खनन, चराई आणि वन्यजीवरक्षण यांचा मेळ कसा घालायचा, हे १९७६ च्या संघीय भूधोरण कायद्यानुसार त्या त्या भागासाठी तयार होणारे संसाधन व्यवस्थापन आराखडे ठरवतात. राज्य सरकारे, मूलनिवासी जमाती आणि सामान्य नागरिक यांचे म्हणणे ऐकून आराखडा पुरा व्हायला वर्षे लागतात. अलास्कातील सेंट्रल युकॉनच्या आराखड्याचे काम २०१३ मध्ये सुरू झाले आणि मंजुरी २०२४ मध्ये मिळाली.

२०२५ मध्ये असे काही आराखडे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, रद्द केले. त्यासाठी वापरला गेलेला काँग्रेशनल रिव्ह्यू अॅक्ट १९९६ चा आहे. प्रशासनाचा नवा नियम ठरावीक मुदतीत साध्या बहुमताने रद्द करण्याची सोय त्यात आहे. सिनेटमध्ये एरवी अशा वादग्रस्त विषयांना लागणारी ६० मतांची अट येथे लागू होत नाही. शिवाय रद्द झालेल्या नियमाशी मूलतः सारखा असलेला नियम काँग्रेसच्या नव्या परवानगीशिवाय पुन्हा करता येत नाही. २०१७ मध्ये काँग्रेसने याच मार्गाने ब्युरोची आराखडे तयार करण्याची सुधारित नियमावली रद्द केली, परंतु एखाद्या प्रदेशाच्या आराखड्याला तोवर हात लागला नव्हता.

प्रादेशिक आराखडे रद्द करण्याचा मार्गही त्याच वर्षी मोकळा झाला. आराखडा हा या कायद्याच्या अर्थाने ‘नियम’च ठरतो, असा अभिप्राय काँग्रेसची लेखापरीक्षण संस्था असलेल्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने अलास्कातील आराखड्यांबाबत दिला. २०२५ मध्ये तसेच अभिप्राय आल्यावर मोंटानातील माइल्स सिटी, नॉर्थ डकोटा आणि सेंट्रल युकॉन या तिन्ही ठिकाणचे आराखडे काँग्रेसने रद्द केले आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ठरावांवर स्वाक्षऱ्या केल्या. माइल्स सिटीच्या दुरुस्त आराखड्याने कोळशाचे नवे भाडेपट्टे बंद केले होते आणि ती दुरुस्ती न्यायालयाच्या आदेशानंतर झाली होती, हे येथे विसरता येत नाही. समर्थकांच्या मते जनतेने निवडलेल्या प्रतिनिधींनी स्थानिक रोजगार आणि ऊर्जा उत्पादनावरचे निर्बंध दूर केले. हा युक्तिवाद गंभीरपणे घ्यायला हवा. तरीही वर्षानुवर्षांच्या सुनावण्यांतून आलेला शेकडो पानांचा दस्तऐवज, त्यातले कोणते कलम नको याची निवडही न करता, अख्खाच बाद करणारे हे साधन जमिनीच्या नियोजनासाठी फार बोथट आहे.

त्याहून मोठी अडचण आधीच्या आराखड्यांची आहे. नियम लागू होण्यापूर्वी काँग्रेसकडे पाठवावा, असे हा कायदा सांगतो. आराखडे म्हणजे नियम, असे ब्युरो मानत नसल्याने १९९६ नंतरचे आराखडे सहसा पाठवलेच गेले नाहीत. त्यामुळे ते कायदेशीररीत्या कधी लागू झाले होते का, आणि त्यांच्या आधारे दिलेले चराईचे परवाने व तेल-वायूचे भाडेपट्टे न्यायालयात टिकतील का, हे प्रश्न आता जमीन वापरणाऱ्या सर्वांपुढे उभे आहेत.