खाड्याचे पैसे: रग्बी युनियन आणि रग्बी लीग

वेल्सच्या जुन्या खेळाडूंविषयी मराठीत काही लिहिताना ‘रग्बी लीग’ हे शब्द आले की लेखक बेधडक ‘रग्बीची एक स्पर्धा’ असा अर्थ लावतो. आयपीएलच्या सवयीमुळे तसे वाटणे स्वाभाविक असले, तरी ती साफ चूक आहे, कारण लीग हा युनियनहून वेगळा खेळ आहे. पंधरा जणांची युनियन वाचकाला ठाऊक असतेच. लीगमध्ये १९०६ पासून तेरा खेळाडू असतात आणि पकडला गेलेला खेळाडू उभा राहून चेंडू पायाने मागे सरकवतो. नियमांपुरते एवढे बस्स.

खरी गफलत पैशांबाबत होते. शनिवारच्या सामन्यासाठी पाळी बुडवणाऱ्या कामगाराला खाड्याची भरपाई मिळावी, ही उत्तर इंग्लंडमधील क्लबांची मागणी होती. रग्बी संघटनेच्या लंडनमधील धुरिणांना ती अमान्य असल्यामुळे १८९५ मध्ये हडर्सफील्ड येथे क्लबांनी फारकत घेऊन ‘नॉर्दर्न युनियन’ स्थापन केली. तिला ‘रग्बी लीग’ हे नाव १९२२ मध्ये मिळाले. म्हणजे वाद गलेलठ्ठ मानधनाचा नव्हता, बुडालेल्या मजुरीचा होता. १८९८ मध्ये उघड मोबदला मान्य झाला, तेव्हाही खेळाडूने कामधंदा केलाच पाहिजे अशी अट होती, म्हणून त्या काळच्या ‘व्यावसायिक’ खेळाडूला आजच्या अर्थाने व्यावसायिक म्हणणे मला खटकते.

यावरून ‘युनियन सधनांची, लीग कामगारांची’ असे समीकरण मांडले जाते. ते इंग्लंडलाही जेमतेम लागू पडते आणि वेल्समध्ये तर साफ कोसळते, कारण दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांत कोळसा खणणारे हातच युनियन खेळत होते. तिथे हौशीपणाचा, म्हणजे पैसे न घेता खेळण्याचा, नियम कागदावर कडक होता आणि क्लब खेळाडूंच्या हातात गुपचूप पैसे ठेवत.

दक्षिण वेल्समधील ॲबरडेअरचा खाणकामगार डेव्हिड ऊर्फ डाय जोन्स याचेच पाहा. त्याचे टोपणनाव ‘टारू’, म्हणजे वेल्श भाषेत वळू. देहयष्टीही नावाला साजेशी होती. १६ डिसेंबर १९०५ रोजी कार्डिफ येथे वेल्सने न्यूझीलंडला ३–० असे हरवले, तेव्हा तो आघाडीच्या फळीत होता. पाहुण्यांच्या त्या दौऱ्यातील हा एकमेव पराभव ठरला. पुढे पैशांच्या प्रकरणावरून वेल्सच्या रग्बी युनियन संघटनेने त्याच्यावर बंदी घातली आणि तो मर्थर टिडफिल या क्लबकडून नॉर्दर्न युनियनमध्ये खेळू लागला. १ जानेवारी १९०८ रोजी ॲबरडेअरमध्येच वेल्सने पुन्हा न्यूझीलंडला ९–८ असे नमवले आणि अखेरचा निर्णायक ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) टारूचा होता.

इथे लोक हटकून घसरतात. १९०८ चा न्यूझीलंड संघ म्हणजे ‘ऑल ब्लॅक्स’, अर्थात न्यूझीलंडचा युनियन संघ, नव्हे. पैसे घेऊन खेळायला निघालेला, ‘ऑल गोल्ड्स’ म्हणून हिणवला गेलेला तो निराळा चमू होता. शिवाय लीगमध्ये पाऊल टाकलेल्याला युनियनची दारे कायमची बंद होत, आणि हौशीपणाचा नियम १९९५ पर्यंत टिकला. म्हणून टारूच्या दोन्ही खेळांतील सामन्यांची बेरीज करून एकच आकडा देणारे लेख मी अर्ध्यावर सोडतो.