पुराचं पाणी ओसरल्यावर घराचा पंचनामा: मदत कोणाला मिळते, कागद कोणते लागतात

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. ते उतरल्यावर घराघरांत गाळ होता आणि प्रत्येकाचा हात आधी फावड्याकडे गेला. साहजिकच आहे, गाळ वाळला की काढताना जीव जातो. तरीही फावडं मारण्याआधी दहा मिनिटं मोबाईल हातात घ्या. भिंतीवर पाण्याची मातकट रेघ उमटते, तिच्याशेजारी घरातलं माणूस उभं करून फोटो काढा. फुगलेलं कपाट, आडवा पडलेला फ्रिज, दारावरचा घर क्रमांक, सगळं टिपा. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी पंचनाम्याच्या आदल्या दिवशी भिंती घासून लख्ख केल्या. दाखवायला काहीच उरलं नाही. पंचनाम्यासाठी घाणीत बसून राहू नका, पण पुरावा राखून साफसफाई करा.

पंचनामा गावात तलाठी (आताचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी) आणि ग्रामसेवक करतात. शहरात नगरपरिषदेचे कर्मचारीही सोबत असतात. कोणी आलंच नाही, तर तहसीलदारांच्या नावे साध्या कागदावर अर्ज द्या, फोटो जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्या. पुढे मदतीच्या यादीत नाव आलं नाही, तर ही पोचच कामी येते.

आता पैशांचं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022-23 ते 2025-26 या काळासाठीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात 1,20,000 आणि डोंगराळ भागात 1,30,000 रुपये ठरले होते. अंशतः पडझडीला पक्क्या घरासाठी 6,500, कच्च्यासाठी 4,000. मात्र नुकसान किमान 15 टक्के हवं. झोपडीला 8,000, घराला लागून असलेल्या गोठ्याला 3,000. घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिलं, तर कुटुंबाला कपड्यांसाठी 2,500 आणि भांड्यांसाठी 2,500. मोठ्या पुरानंतर सरकार अनेकदा स्वतंत्र निर्णय काढून रक्कम वाढवतं, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय तहसीलमध्ये विचारून घ्या.

दोन दिवसांची अट कोकणातल्या घरांना फार जाचते. इथल्या नद्या झपाट्याने चढतात आणि तशाच उतरतात. घर मात्र तेवढ्यात उद्ध्वस्त होतं. राज्य सरकारने याआधी ही अट शिथिल केली आहे. तरी पाणी कधी शिरलं, कधी ओसरलं, घरात किती फूट होतं, हे पंचनाम्यात लिहून घ्याच.

आधार कार्ड, रेशन कार्ड, आधारशी जोडलेल्या बँक खात्याचं पासबुक आणि घरपट्टीची पावती किंवा नमुना 8 चा उतारा (शहरात मिळकत पत्रिका) जवळ ठेवा. घराच्या मदतीसाठी बांधकाम अधिकृत असावं लागतं. भाडेकरूंनी मागे राहू नये: पडझडीचे पैसे मालकाचे, पण कपडे-भांड्यांची मदत तिथे राहणाऱ्या कुटुंबाची. भाडेकरार किंवा त्या पत्त्याचं रेशन कार्ड दाखवा. कागद भिजले असतील तर एकेक सुटा करून सावलीत वाळवा, इस्त्री फिरवू नका. वाहूनच गेले असतील तर पंचनाम्यात तशी नोंद करून घ्या; नक्कल काढताना ती उपयोगी पडते.

घराचा किंवा दुकानाचा विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा, नुकसान तपासणारा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत खराब माल फेकू नका. बुडालेली गाडी चालू करून बघू नका. इंजिनात पाणी जाऊन झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा नाकारलं जातं.

आणि सही करण्याआधी पंचनामा पूर्ण वाचा. ‘भिंतींना ओल’ एवढंच लिहिलं असेल आणि मागची भिंत खचली असेल, तर तिथल्या तिथे सांगा, भिंत दाखवा आणि कागदात तशी दुरुस्ती झाल्यावरच सही करा. मग त्या पानाचाही फोटो काढून ठेवा.