नंबराची उतरंड: अमेरिकी वैमानिकांचा पगार आणि सेवाज्येष्ठता

अमेरिकेतल्या बड्या विमान कंपनीत वैमानिक कोणत्या दिवशी रुजू झाला, यावर त्याचा ज्येष्ठता यादीतला नंबर ठरतो. विमान कोणतं, तळ कुठला, नाताळ घरी की हॉटेलात, कॅप्टन कधी होणार, कपातीत आधी कोण जाणार, हे सगळं त्या नंबरावर. हाताखालचं विमान तो किती सफाईने उतरवतो, याचा इथे संबंध नाही.

बाहेरच्याला हे अजब वाटतं, पण वैमानिकांनीच ते मागून घेतलं. ही रीत रेल्वेतली. 1931 मध्ये डेव्ह बेन्की यांच्या पुढाकाराने वैमानिकांची संघटना उभी राहिली. वाईट हवेत उडायला नकार दिला म्हणून साहेबाने घरी बसवू नये, ही त्या काळची खरी भीती होती. 1936 मध्ये रेल्वे कामगार कायदा, म्हणजे कामगार संघटनेशी वाटाघाटी करायला लावणारा कायदा, विमान कंपन्यांनाही लागू झाला. नंबर आला की मर्जीला वाव उरत नाही.

पुढे कित्येक वर्षं भाडी आणि मार्ग सरकार ठरवत असे, त्यामुळे सुरुवातीला कमी पगार सोसला की पुढे नंबर वर सरकेल तशी भरपाई होईल हा हिशेब बराचसा जुळायचा. 1978 मध्ये नियंत्रण उठलं आणि तो डळमळला. 1983 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने नव्यांसाठी वेगळी, कमी पगाराची श्रेणी आणली. 1985 मध्ये तशाच श्रेणीवरून युनायटेड एअरलाइन्सचे वैमानिक 29 दिवस संपावर गेले. 1991 मध्ये ईस्टर्न आणि पॅन अ‍ॅम या दोन्ही विमान कंपन्या बंद पडल्या. नंबर कंपनीबरोबरच बुडतो, हे तिथल्या कॅप्टनांना तेव्हा कळलं. अनुभव सोबत येतो, ज्येष्ठता येत नाही. 2005 मध्ये तर दिवाळखोरीतल्या युनायटेडने निवृत्तिवेतन योजनाच सोडून दिली. उतारवयात मिळायचं ते असं जातं, तर तरुणपणी कशासाठी सोसायचं?

2007 च्या अखेरीस निवृत्तीचं वय 60 वरून 65 झालं. वरचे पाच वर्षं हलेनात, खालचे तिथेच अडकले. आणि 12 फेब्रुवारी 2009 ला बफेलोजवळ कोलगन एअर या छोट्या कंपनीचं विमान कोसळून 50 जण गेले. ठपका कॅप्टनच्या चुकीवर आला. पण चौकशीत सह-वैमानिकेचा वर्षाचा पगार 24 हजार डॉलरच्याही आत असल्याचं आणि ती सिएटलहून रात्रभर प्रवास करून नेवार्कला कामावर आल्याचं लोकांनी ऐकलं. 

या अपघातानंतर नियम बदलले आणि 2013 पासून सह-वैमानिकालाही साधारण 1,500 तासांच्या उड्डाणाची अट आली. त्यात कोविडकाळात अनेकांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि माणसं मिळेनात. 2022 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या छोट्या कंपन्यांनी नव्या सह-वैमानिकाला तासाला 90 डॉलर देऊ केले, त्यातला काही भाग तात्पुरता. 2023 मध्ये डेल्टा एअरलाइन्सच्या वैमानिकांच्या करारात चार वर्षांत मिळून 34 टक्के वाढ आली.

यादी मात्र जुनीच आहे. पन्नाशीतला कॅप्टन आज कंपनी बदलून आला, तर गेल्या आठवड्यात रुजू झालेला पंचविशीतला पोरगा त्याच्या वरच्या नंबरावर असतो.