पार्श्वभूमी: कास्तकाराचं मरण, मंडळी आणि कबरस्तानातला कोपरा

देव चांगला आहे तर मग असं का झालं, हा प्रश्न आमच्या यवतमाळ-वर्धा पट्ट्यातल्या ख्रिस्ती खेड्यांत पुस्तकातून कमी आणि वावरातून जास्त आला. दोन वर्षं पऱ्हाटी बुडते, बँकेचं थकतं, सावकाराचं वाढतं, घरातला कर्ता माणूस एक दिवस जीव देतो, आणि पुढच्या रविवारी त्याची बायको लेकरं घेऊन उपासनेला येऊन बसते. विश्वास टिकवणं म्हणजे काय ते इथं कळतं. त्यामुळं मागचा इतिहास थोडक्यात सांगतो आणि मरणानंतरच्या नियमाबद्दल जास्त बोलतो, कारण खरी जखम तिथं झाली असं मला वाटतं.

वऱ्हाडातल्या बऱ्याच मंडळ्यांची (म्हणजे चर्चची) मुळं १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात आहेत. मिशनवाल्यांनी अनाथाश्रम काढले, लेकरं जगवली, त्यातली काही पुढं मंडळीतच वाढली. भाकरीसाठी धर्म सोडला हा टोमणा अजून ऐकू येतो, मला तो फार अन्यायाचा वाटतो. ज्यानं आईबापाला उपाशी मरताना पाहिलं त्याच्यासाठी भाकर देणारा हात आणि देव वेगळे कसे काढणार? आणि माय गेली, मी का राहिलो, हा प्रश्न त्या लेकराच्या मनात असणारच.

त्याआधी ह्या प्रश्नाला गावात एक तयार शब्द होता, भोग. मागच्या जन्माचं म्हणा, नशिबाचं म्हणा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात शिष्य जन्मांधाबद्दल नेमकं हेच विचारतात, पाप कोणाचं, ह्याचं की आईबापाचं? येशू म्हणतो, ह्याचंही नाही, त्यांचंही नाही. म्हणजे भोग गेला. पण मंडळीत त्याच्या जागी दुसरा शब्द येऊन बसला, परीक्षा. काही झालं की "देव परीक्षा पाहतो." शास्त्रातल्या ईयोबाचं नाव घेतात, ज्याची लेकरं, गुरं, सगळं एकाएकी गेलं, पण त्याच्या पुस्तकाच्या ४२ अध्यायांतले पहिले दोन आणि शेवटचा एवढेच लोकांना ठाऊक, मधे तो माणूस देवाशी किती भांडतो ते कोणी वाचत नाही. त्याचे मित्र ७ दिवस गप बसले तोवर ठीक होते, तोंड उघडून कारणं सांगायला लागले तिथं चुकले, आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. ईयोबाला त्याच्या दुःखाचं कारण शेवटपर्यंत सांगितलं जात नाही.

आता दफनाचं. ज्यानं स्वतः जीव दिला त्याला मंडळीच्या कबरस्तानात पूर्ण विधीनं पुरायचं की नाही? जुन्या लोकांना वाटतं हा शास्त्राचाच नियम आहे. तो तसा नाही. पवित्र शास्त्रात अहीथोफेलनं आपला जीव घेतला आणि त्याला त्याच्या बापाच्या कबरेत पुरलं, एवढंच लिहिलंय (२ शमुवेल १७:२३), वर एक शब्दाची टीका नाही. कडक भूमिका नंतर आली. ४१० मध्ये रोम लुटलं गेलं, बायांवर अत्याचार झाले, काहींनी जीव दिला, त्यावर उत्तर आफ्रिकेतल्या एका बिशपनं लिहिलं की खून करू नको ही आज्ञा स्वतःलाही लागू आहे. पण त्याच लिखाणात जगलेल्या बायांचा काही दोष नाही हेही तो तितक्याच जोरानं सांगत होता, ते मागं पडलं आणि आज्ञा तेवढी राहिली. सहाव्या शतकात धर्मसभांनी अशांचे विधी बंद केले. इंग्लंडच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातही दफनाची उपासना अशांसाठी वापरू नये अशी सूचना होती. कॅथलिकांच्या १९१७ च्या कायद्यात बंदी होती, १९८३ च्या कायद्यात ती राहिली नाही, आणि १९९२ च्या त्यांच्या धर्मशिक्षणात स्पष्ट आलं की तीव्र मानसिक त्रासात माणसाची जबाबदारी कमी होते आणि मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करते. सरकारचा कायदा तर अजून उशिरा बदलला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला, तेव्हा कुठं जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावात होता असं धरून चालायचं ठरलं.

पण हे बदल तालुक्याच्या पुढं आमच्या गावापर्यंत फार हळू पोचले. २००६ मध्ये विदर्भाच्या ६ जिल्ह्यांना पंतप्रधानांचं पॅकेज आलं, त्या काळात मरण पावलेल्या कास्तकाराच्या घरी पहिला प्रश्न असायचा केस पात्र की अपात्र, म्हणजे १ लाखाची मदत मिळेल की नाही. सातबारा बापाच्या नावावर आहे, कर्ज सावकाराचं आहे, अशा कारणांनी बऱ्याच केस अपात्र ठरायच्या. आणि ख्रिस्ती घर असलं तर मंडळीतही तेच, आमचे पंच वेगळं काय करत होते?

त्याच वर्षांत आमच्या शेजारचा एक जण गेला. रविवारची घंटा तोच वाजवायचा. पाळकसाहेब यष्टीनं येईपर्यंत पंच निंबाखाली बसून तीन तास बोलत राहिले आणि ठरलं असं की आत घ्यायचं पण कुंपणाजवळच्या कोपऱ्यात, गीत म्हणायचं नाही, एक प्रार्थना आणि माती. त्याची म्हातारी माय तेवढं बोलली, "माया पोराले कोन्यात टाकता, मंग मी मेली तं मले कुठी टाकसान?" कोणी उत्तर दिलं नाही. मी पण तिथंच होतो, मीही दिलं नाही.

तिनं येणं सोडलं नाही हे मला आजही नवल वाटतं. कोणी तिला परीक्षा म्हणून समजावलं की ती पदर सारखा करून उठून जायची, पण रविवारी बायांच्या बाजूला दुसऱ्या ओळीत चटईवर असायचीच. प्रभूची प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणायची. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" इथं आलं की तिचं तोंड बंद व्हायचं, दरवेळी, आणि सगळ्यांचं म्हणून झालं की "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" पासून ती परत मोठ्यानं सुरू व्हायची.