इनपुटची तपासणी आणि आउटपुटचे एस्केपिंग: दोन कामे, दोन जागा

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एका गृहसंकुलासाठी आमच्या वागळे इस्टेटमधील टीमने काही वर्षांपूर्वी तक्रार नोंदणीचे पोर्टल तयार केले होते. ते सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत डि'सोझा आडनावाच्या एका सभासदांनी कळवले, की नाव भरून बटण दाबताच पांढऱ्या पानावर डेटाबेसची एरर येते. नावातील एकेरी अवतरणचिन्ह क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिल्या जाणाऱ्या आज्ञेत, जसेच्या तसे जोडले जात होते आणि तेथे पोहोचल्यावर ते नावाचा भाग न राहता आज्ञेचा भाग बनत होते. त्यावर आम्ही नियम घातला, की नावाच्या रकान्यात अवतरणचिन्ह चालणार नाही. एरर थांबली, त्या सभासदांना स्वतःचे आडनाव चुकीचे लिहावे लागले आणि मजकुरातून आज्ञा घुसवता येण्याचे भगदाड होते तेथेच राहिले.

ही चूक अनेक ठिकाणी होते, कारण इनपुटची तपासणी, म्हणजे व्हॅलिडेशन, आणि आउटपुटचे एस्केपिंग ही एकाच कामाची दोन नावे आहेत असा समज पक्का बसलेला असतो. तपासणी माहिती आत येताना होते आणि तिचा प्रश्न व्यवहाराचा असतो: हा फ्लॅट क्रमांक या संकुलात आहे का, ही तारीख खरी आहे का, मजकूर ठरलेल्या लांबीत बसतो का. एस्केपिंग, म्हणजे विशेष अर्थ असलेली चिन्हे निरुपद्रवी रूपात लिहिणे, माहिती दुसरीकडे जाताना होते आणि त्याचा माहितीच्या खरेखोटेपणाशी संबंध नसतो. ज्या जागी ती चालली आहे त्या जागेच्या भाषेत ती निव्वळ मजकूर म्हणूनच वाचली जाईल, एवढीच हमी ते देते. डि'सोझा हे आडनाव तपासणीच्या दृष्टीने पूर्णपणे योग्य होते. चूक आमच्या क्वेरीत होती.

एकच तक्रार पोर्टलमधून कुठे कुठे जाते हे पाहिले, की हा फरक स्पष्ट होतो. समजा, एखाद्या रहिवाशाने लिहिले, 'पाणी <20 मिनिटे येते, टँकर पाठवा.' हा मजकूर आधी डेटाबेसमध्ये जातो, मग सचिवांच्या वेबपानावर दिसतो, महिन्याच्या शेवटी एक्सेलच्या फाइलमध्ये उतरतो आणि प्लंबरला एसएमएसने पाठवला जातो. डेटाबेसच्या भाषेत अवतरणचिन्हाला अर्थ असतो. वेबपानाच्या भाषेत '<' या चिन्हाला अर्थ असतो, कारण तेथून टॅग, म्हणजे पानाची रचना सांगणारी खूण, सुरू होतो. एक्सेलमध्ये चौकटीच्या (सेलच्या) आरंभी आलेले '=' हे चिन्ह सूत्र समजले जाते, त्यामुळे खोडसाळपणे '=' ने सुरू केलेली तक्रार सचिवांच्या संगणकावर सूत्र म्हणून चालू शकते. एसएमएसमध्ये यांपैकी कशालाच अर्थ नसतो. मजकूर आत येतानाच एकदा 'स्वच्छ' करून ठेवायचा म्हटले, तर तो यांपैकी कोणत्या जागेसाठी करायचा, याला उत्तर नाही. आमच्या पहिल्या आवृत्तीत टॅग काढून टाकणारे फंक्शन येतानाच लावलेले होते. त्याने वरच्या तक्रारीतले '<' पासून पुढचे सगळे कापले आणि सचिवांना फक्त 'पाणी' एवढा एकच शब्द दिसला.

संकेतस्थळे बनवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. 'मॅजिक कोट्स' या सोयीमुळे फॉर्ममधून, पत्त्यातून किंवा कुकीतून येणाऱ्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी आपोआप उलटी तिरकी रेघ जोडली जात असे. हेतू नवशिक्या प्रोग्रामरांचे रक्षण करण्याचा होता. प्रत्यक्षात डेटाबेसमध्ये न जाणाऱ्या मजकुरालाही त्या रेघा चिकटत, पावत्यांवर आणि ई-मेलवर त्या छापून येत, आणि प्रत्येक डेटाबेसचे अवतरणाचे नियम सारखे नसल्याने संरक्षणही अर्धवटच मिळे. 2009 साली 5.3 या आवृत्तीत ही सोय वापरू नये असे जाहीर झाले आणि 2012 साली 5.4 मध्ये ती काढूनच टाकली गेली.

डेटाबेसच्या बाबतीत खरा उपाय तर एस्केपिंगच्याही एक पाऊल पुढे जातो. प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये क्वेरीचा सांगाडा आधी पाठवला जातो, त्यात मूल्यांच्या जागी प्रश्नचिन्हासारखी खूण असते, आणि मूल्ये वेगळी येतात. आज्ञेची रचना आधीच ठरून गेलेली असल्याने नंतर आलेल्या मूल्यात काहीही लिहिलेले असले तरी ते आज्ञा बनू शकत नाही. अवतरणचिन्हावर बंदी घालून हे साधत नाही, हे कळण्यासाठी तक्रार क्रमांकाचा रकाना पाहावा: संख्या क्वेरीत अवतरणांशिवाय जोडली जाते, त्यामुळे तेथे हल्लेखोराला अवतरणचिन्हाची गरजच पडत नाही. आणखी एक गोष्ट सहज निसटते. नाव एकदा नीट साठवले गेले, म्हणजे ते कायमचे निर्धोक झाले असे नाही. महिनाअखेरीचा अहवाल तयार करताना तेच नाव आपल्याच डेटाबेसमधून काढून दुसऱ्या क्वेरीत जोडले, तर हल्ला तेथे होतो. 'हे तर आपल्याच टेबलमधून आले आहे' हा भरवसा मी कोड तपासताना पुन्हा पुन्हा पाहिला आहे आणि मला तो सर्वांत घातक वाटतो.

वेबपानावर धोका वेगळ्या प्रकारचा आहे. तक्रारीच्या मजकुरात स्क्रिप्ट टॅग, म्हणजे ब्राउझरने चालवायचा कोड असलेला टॅग, लिहिला आणि तो जसाच्या तसा पानात उतरला, तर ती स्क्रिप्ट सचिवांच्या ब्राउझरमध्ये, त्यांच्या लॉगिनच्या अधिकाराने चालते. मग थकबाकी माफ करण्याचे बटणही ती दाबू शकते. '<' ऐवजी पानात '&#60;' पाठवले, की ब्राउझर ते चिन्ह फक्त दाखवतो, टॅग मानत नाही, आणि वीस मिनिटांची तक्रारही अक्षरशः तशीच दिसते. घातक शब्द गाळून हे काम होईल असे मानणाऱ्यांनी 2005 सालचा मायस्पेस या समाजमाध्यमावरील प्रसंग लक्षात घ्यावा. ते संकेतस्थळ 'जावास्क्रिप्ट' हा शब्द, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडच्या भाषेचे नाव, गाळत असे. सॅमी कामकर या तरुण प्रोग्रामरने तो शब्द मध्येच ओळ तोडून दोन ओळींत लिहिला, काही ब्राउझरांनी तो तरीही जोडून वाचला, आणि 24 तासांच्या आत दहा लाखांहून अधिक प्रोफाइलमध्ये तो कोड स्वतःहून पसरला.

याचा अर्थ तपासणीला सुरक्षेत स्थान नाही असा मुळीच नाही. काही जागा अशा आहेत जिथे एस्केपिंग पोहोचत नाही. तक्रारींची यादी कोणत्या स्तंभानुसार लावायची हे वापरकर्ता निवडत असेल, तर स्तंभाचे नाव प्रश्नचिन्हाच्या जागी पाठवता येत नाही. तेथे परवानगी असलेल्या चार-पाच नावांची यादी करून त्यातलेच नाव स्वीकारणे हाच मार्ग उरतो. फोटोची लिंक देण्याच्या रकान्यात 'जावास्क्रिप्ट:' ने सुरू होणारा पत्ता कितीही नीट एस्केप केला तरी क्लिक करताच चालतो, म्हणून पत्ता एचटीटीपी किंवा एचटीटीपीएसनेच सुरू होतो की नाही हे आधी तपासावे लागते आणि पानात ठेवताना एस्केपही करावे लागते. ही सर्व तपासणी सर्व्हरवर व्हायला हवी. ब्राउझरमधील लाल अक्षरांतली सूचना प्रामाणिक माणसाची चूक दाखवते. ज्याला फसवायचे आहे तो फॉर्म उघडतच नाही, विनंती थेट सर्व्हरला पाठवतो.

एस्केपिंग चोख असले, की तपासणी उदार ठेवता येते, आणि मराठी माणसांसाठी हे महत्त्वाचे आहे. नावाच्या रकान्यात फक्त इंग्रजी अक्षरे चालतील असा नियम घालणारे तर आहेतच, पण 'कोणत्याही लिपीतील अक्षर चालेल' असा चांगल्या हेतूने लिहिलेला नियमही आपल्याकडे फसतो. यूनिकोड या, जगातील लिप्यांतील अक्षरांना संगणकीय क्रमांक देणाऱ्या मानकाच्या वर्गीकरणात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही अक्षरे नसून चिन्हे आहेत. त्यामुळे 'कमल' हे नाव पास होते आणि 'सुनीता' नापास. 'ठाणे' हा शब्दसुद्धा त्या नियमात बसत नाही.

आमच्या पोर्टलमध्ये सर्व क्वेऱ्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटवर नेल्या, पानावर दाखवताना एस्केप करायला सुरुवात केली आणि एक्सेलच्या फाइलमध्ये '=' ने सुरू होणाऱ्या मजकुराआधी अवतरणचिन्ह लावले. त्यानंतरच नावाचा नियम बदलला: अक्षरे, त्यांना लागणारी चिन्हे, मोकळी जागा, जोडरेघ, एकेरी अवतरणचिन्ह आणि लांबीची मर्यादा, एवढेच. डि'सोझा यांनी त्याच दिवशी आपले नाव दुरुस्त केले आणि पुढच्या देखभाल बिलावर ते बरोबर छापून आले.